मोजणी चालू असताना

वहिनींकडे कुणाला काही मागायचं असेल, तर ते सकाळी साडेसहा ते साडेसातच्या मध्ये मागावं, हे आता साऱ्या तळ्याला ठाऊक झालं होतं. कारण त्या तासाभरात वहिनी नाही म्हणू शकत नसत. हो सुद्धा म्हणू शकत नसत, पण तेवढं बारकाईनं बघायला वेळ कुणाला होता?

तळ्याच्या बांधावर, पाणी सोडायच्या लोखंडी दरवाजापाशी एक सपाट दगड होता. त्यावर बसून वहिनी रोज पक्षी मोजत. डाव्या हातात डोळ्यांना लावलेली दुर्बीण, उजव्या मुठीत अंगठ्यानं दाबायचं छोटंसं आकडेयंत्र आणि मांडीवर वही. एका टोकाच्या पाणकणसांच्या गवतापासून सुरुवात करायची आणि हळूहळू सरकत दुसऱ्या टोकाच्या मोडक्या पंपघरापाशी संपवायचं. पहिला पक्षी मोजल्यापासून शेवटचा आकडा वहीत उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, मान डोलवायची नाही, डोळे ढळू द्यायचे नाहीत. हा त्यांचा नेम होता आणि तो बारा वर्षं चालला होता.

नेमाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. एकतीस वर्षं त्यांनी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढली होती. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवायची आणि पेशी मोजायच्या, शंभरपर्यंत, दोनशेपर्यंत. मध्येच कुणी "बाई, चहा घेताय ना?" असं विचारलं आणि उत्तर दिलं, की आकडा सांडला. मग पुन्हा एकपासून. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मोठ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, "मोजताना बोललीस तर चूक पेशीची होत नाही, माणसाची होते." ते वहिनींनी असं काही मनावर घेतलं, की निवृत्तीच्या दुसऱ्याच सकाळी मोजायला काही नाही म्हणून त्यांना गुदमरल्यासारखं झालं. त्यांनी देवापुढे हात जोडले आणि शंभर दिवस तळ्यावरचे पक्षी मोजेन असं ठरवलं. देवा, तुझं एवढं रोज समोर येऊन बसतं, त्याकडे कुणीतरी नीट बघायला नको का, एवढंच त्यांचं म्हणणं. शंभर दिवस संपले ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. ताप असताना मोजलं. मुलीच्या लग्नाच्या दिवशी केसांत फुलं माळून मोजलं.

आता अशा बाईचा लोकांनी काय उपयोग करून घ्यावा?

तळ्याचा राखणदार एका सकाळी शेजारी येऊन उभा राहिला. "बाई, फाटकाची एक किल्ली तुमच्यापाशी ठेवतो. उद्यापासून मला जरा उशीर होईल. चालेल ना? नाही म्हणालात तर राग नाही." वहिनी तेव्हा पाण्यावरच्या चांदव्यांच्या थव्यात, एकोणनव्वदाव्या पक्ष्यावर होत्या. किल्ली मांडीवर पडली आणि तेव्हापासून फाटक त्याच उघडतात. जाऊबाई सकाळचं फिरायला बांधावरून जात. जाता जाता म्हणत, "तुमचं मोठं पातेलं नेते हं. आणि शनिवारी माझ्या माहेरचे चौघं येताहेत, तुमच्या पुढच्या खोलीत झोपतील. तुमची काही अडचण नाही ना? नाही. बरं." स्वतःच विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं आणि वर ‘जाऊ असावी तर अशी’ म्हणत पुढे जायचं. कळस म्हणजे तळे समितीची सभा. ती एकदा मुद्दाम सकाळी पावणेसातला, त्या दगडापाशी, उभ्या उभ्या झाली. तीत वहिनी बिनविरोध चिटणीस झाल्या. वहिनींनी दुर्बीण खाली ठेवली तेव्हा टाळ्याही वाजवून झाल्या होत्या आणि त्या टाळ्यांनी लांब पायांच्या शेकाट्यांचा थवा पार पलीकडे गेला होता.

मोजणी संपल्यावर वहिनी सांगायच्या, नाही असं नाही. पण त्यांचा आवाज मुळातच असा, की शेजारच्यानं कान पुढे करावा. "अहो, मी कुठे हो म्हणाले होते?" असं त्या म्हणायच्या, तोवर समोरचा पन्नास पावलं गेलेला असायचा. मग त्या मूग गिळून घरी यायच्या आणि स्वयंपाकघरात पातेलं शोधायच्या. ते जाऊबाईंकडे असायचं.

"तू त्या एका तासात बोलत का नाहीस?" त्यांचे यजमान वर्तमानपत्रामागून विचारायचे.

"नेम आहे माझा."

"मग भोग."

एवढं बोलून ते पान उलटायचे. नवऱ्याकडून याहून जास्त मदत वहिनींनी चौतीस वर्षांत कधी अपेक्षिली नव्हती.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण गेल्या वर्षी भाऊजी निवृत्त झाले.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, जाऊबाईंचे यजमान, वरच्या मजल्यावर राहणारे. जन्मभर विम्याच्या कचेरीत लोकांना अपघातांची वर्णनं ऐकवून त्यांच्या तोंडाचा पट्टा असा सैल झाला होता, की झोपेतच काय तो थांबत असेल, आणि जाऊबाईंचं म्हणणं तेव्हाही थांबत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला. कॅमेरा तळहाताएवढा आणि त्याच्या पुढचं नळकांडं हातभर लांब. सोबत तिपाई, पानाफुलांची चित्रं असलेलं हिरवं जाकीट आणि तसलीच टोपी. त्या वेषात ते झाडीत मिसळून जातील अशी दुकानदाराची हमी होती. प्रत्यक्षात ते बांधावरून चालत आले, की एखादं झुडूप भांडण करून घराबाहेर पडल्यासारखं दिसे.

"वहिनी, तो कोण हो? तो काळा? पांढऱ्या कपाळाचा? चांदवाच ना? सगळे चांदवेच दिसताहेत. अहो, एवढे चांदवे कशाला लागतात? तो बघा खंड्या! गेला. वहिनी, खंड्या गेला. तुम्ही धरलात का मोजणीत?"

वहिनींच्या डोक्यात तिडीक जाई. अंगठा मात्र टिकटिक करत राही. एकशे बारा. एकशे तेरा. देवा, याला पडसं होऊ दे, घसा बसू दे, फार काही नको. मग लगेच स्वतःचीच लाज वाटून त्या मनात क्षमा मागत, आणि त्या गडबडीत एकशे चौदावा दाबला की नाही हे विसरत, आणि पुन्हा पाणकणसांपासून सुरू करत. भाऊजी आल्यापासून एका मोजणीच्या तीन-तीन मोजण्या होऊ लागल्या होत्या.

तरी माणूस वाईट नव्हता. एकदा जिन्यात थांबून त्यांनी वहिनींना सांगितलं होतं, "दादाला शाळेत बक्षिसं मिळायची. भिंतीवर त्याचीच प्रमाणपत्रं. माझं एक चित्र आईनं लावलं होतं, तेही भिंतीला ओल आली होती ती झाकायला." आणि हसले होते. तळ्याच्या कचेरीत दरवर्षी फोटोंचं प्रदर्शन लागे. या वर्षी विषय होता ‘नवा जीव’. भाऊजींनी ठरवलं होतं, की या भिंतीवर आपला फोटो लागायचाच.

आणि वहिनींच्या दुर्दैवानं तळ्यावर यंदा नवा जीव एकाच ठिकाणी होता.

पंपघराच्या भिंतीलगत, गुडघाभर पाण्यात, टिबुकलीचं घरटं तरंगत होतं. टिबुकली म्हणजे मुठीएवढा गोल पक्षी, शेपूट नसल्यातच जमा, घडीत पाण्यावर आणि घडीत पाण्याखाली. घरटं तरी कसलं, कुजक्या शेवाळाचा आणि काड्यांचा ओला ढीग. गटारातून काहीतरी वाहत येऊन अडकलंय असंच कुणालाही वाटावं. दोन वर्षं लागोपाठ त्या जोडीचं घरटं फुकट गेलं होतं. एकदा समितीनं दरवाजा बंद करून पाणी चढवलं तेव्हा, आणि एकदा कुत्र्यानं. वहिनींनी त्या दोन्ही सकाळी वहीत आकड्याखाली ‘घरटं गेलं’ एवढंच लिहिलं होतं आणि दिवसभर त्यांना जेवण गेलं नव्हतं. या वर्षी पाच अंडी होती. वहिनी दिवस मोजत होत्या. वीस-एकवीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात, आणि शनिवारी अठरावा दिवस होता.

चूक त्यांचीच झाली. एका संध्याकाळी जिन्यात भाऊजी म्हणाले, "तिथे अंडी कुठली, नुसता चिखल आहे," तेव्हा वहिनींना राहवलं नाही. इतक्या वर्षांचं पाहिलेलं सांगायला कुणी मिळत नाही, म्हणून त्या भरभरून बोलल्या. की टिबुकली घरट्यावरून उठताना चोचीनं ओलं शेवाळ ओढून अंडी झाकून टाकते. कितीही घाई असो, झाकल्याशिवाय जात नाही. आणि परत आली की चोचीनंच बाजूला सारून बसते. "म्हणूनच तीस पावलांच्या आत जायचं नाही, भाऊजी. आपण गेलो की ती उठते. आणि माणूस कुठे जातो ते कावळे बघत असतात."

"हो हो," भाऊजी म्हणाले. "म्हणजे खाली अंडी आहेत. फक्त झाकलेली."

त्या ‘फक्त’नं वहिनींना तेव्हाच जागं करायला हवं होतं.

शनिवारी सकाळी वहिनी एकशे चौसष्टाव्या चांदव्यावर होत्या. रात्रीतून कुठूनसा नवा थवा उतरला होता. तळं काळ्या ठिपक्यांनी भरून गेलं होतं, आणि ठिपके स्वस्थ बसतील तर ते चांदवे कसले? एक बुडे, दोन वर येत, तिसरा चौथ्याच्या अंगावर धावून जाई. असा दिवस वर्षातून एखादाच येतो. वहिनी श्वाससुद्धा बेतानं घेत होत्या.

"वहिनी," मागून आवाज आला. "आज शेवटचा दिवस. फोटो संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचाय."

एकशे सत्तर.

"मी काल रात्रभर विचार केला. मला दोन मिनिटं पुरतील. जायचं, वरचं गवत बाजूला करायचं, फोटो काढायचा, गवत परत जागेवर. पातेल्याचं झाकण उघडून बघावं तसं. ती बाई यायच्या आत मी बाहेर."

एकशे त्र्याहत्तर. वहिनींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मांडीवरची वही गुडघ्यानं जोरात हलवली. ती खाली पडली.

"असू दे, मी उचलतो," भाऊजींनी वही झटकून परत मांडीवर ठेवली. "तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. तुम्ही इथल्या मोठ्या. काही हरकत असेल तर आत्ता सांगा."

समोर पाण्यात एक पाणकावळा पंख पसरून उभा होता. वहिनींनी त्याला ओलांडलं. एकशे ऐंशी.

"नाही ना? बरं. आशीर्वाद असू द्या."

हा मनुष्य मुद्दाम करतो की खरंच याला कळत नाही, हे वहिनींना बारा महिन्यांत उमगलं नव्हतं. बहुधा दोन्ही. त्यांना ओरडावंसं वाटलं. पण दोनशे पक्षी दुर्बिणीत धरलेले, त्यात एक शब्द म्हणजे सगळं सांडणार. शिवाय त्यांनी हिशेब केला. भाऊजी पाण्यात उतरायचे तर आधी छातीपर्यंतची रबरी विजार चढवणार. ती त्यांनी कुणा मासेमाराकडून मागून आणली होती आणि ती चढवायला त्यांना गेल्या खेपेला वीस मिनिटं लागली होती. तोवर आपलं संपतंय. संपलं की उठून धरू.

मागे रबराची खसफस सुरू झाली. "हा पाय कुठला? अरे... दोन्ही एकातच गेले." मग धप्प असा आवाज. मग थोडा वेळ पुटपुटणं. वहिनींना थोडा धीर आला. दोनशे आठ. दोनशे नऊ. त्यांचा अंगठा भरभर चालू लागला, आणि एकतीस वर्षांत कधी केली नव्हती अशी घाई त्या करू लागल्या.

मग पचक्, पचक्, पचक्.

इतक्या लवकर? वहिनी मधल्या भागात होत्या, दोनशे एकतीसवर. पंपघर अजून दुर्बिणीच्या वर्तुळात आलं नव्हतं. आवाज उजवीकडे सरकत चालला होता आणि त्याच्या मागोमाग त्यांचं वर्तुळही, पण मोजणीच्या गतीनं. दोनशे पन्नास. आणि मग वर्तुळाच्या कडेला पानाफुलांचं जाकीट आलं.

भाऊजी घरट्यापाशी पोहोचले होते. टिबुकली केव्हाच बुडी मारून गेली होती. जाताना तिनं झाकलं होतं, कसंबसं, पण झाकलं होतं. भाऊजींनी दोन बोटांनी शेवाळ उचललं, नाक मुरडलं आणि बाजूला ठेवलं. आत पाच अंडी होती, मळक्या रंगाची, ओल्या काड्यांचे डाग पडलेली. इतक्या लांबूनही वहिनींना त्यांचा आकार स्पष्ट दिसला.

दोनशे एकसष्ट. आता पंधरा-वीसच राहिले होते.

भाऊजींनी कॅमेरा डोळ्याला लावला. काढला. परत लावला. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, जे कॅमेरा घेताना दुकानदारानं त्यांना तीनदा सांगितलं असणार, की एवढ्या लांब नळकांड्याला एवढ्या जवळचं दिसत नाही. नुसता धूसर चिखल. त्यासाठी मागे जावं लागतं, चांगलं दहा-बारा पावलं. भाऊजी वळले. घरट्याकडे पाठ करून, पायाखालचा गाळ चाचपत, एकेक पाऊल मोजून टाकत मागे निघाले. अंडी उघडी.

पंपघराच्या भिंतीवर कावळा येऊन बसला.

वहिनी कावळे मोजणीत धरत नसत. कावळे तळ्याचे नव्हेत, गावाचे. बारा वर्षांत त्यांनी एकाही कावळ्यासाठी अंगठा दाबला नव्हता. दोनशे अडुसष्ट. कावळ्यानं मान तिरकी केली. दोनशे सत्तर. एवढे पाच-सहा चांदवे, भिंतीच्या सावलीत, एका ओळीत, मोजायला इतके सोपे की डोळे मिटून मोजावेत. दोनशे एकाहत्तर. कावळा भिंतीवरून खाली उतरला. दोनशे बाहत्तर. दोनशे त्र्याहत्तर.

कावळ्यानं चोच घातली.

"भाऊजी!"

वहिनींना स्वतःलाच तो आवाज ओळखू आला नाही. तो कुठून निघाला देव जाणे. बांधावरून फिरणाऱ्या जाऊबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. फाटकापाशी राखणदाराच्या हातातलं भांडं पडलं. आणि तळं उठलं. एकदम, सगळंच्या सगळं, चांदवे पाण्यावर पाय आपटत पळाले, बगळे, पाणकावळे, शेकाट्या, ज्यांना वहिनींनी कधी उडताना पाहिलं नव्हतं तेसुद्धा. कावळाही उठला. त्याच्या चोचीत अंडं होतं.

भाऊजी दचकून अर्धे वळले, त्यांचा एक पाय गाळात रुतला, बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं आणि ते कमरेपर्यंत पाण्यात बसले.

"झाका!" वहिनी दगडावर उभ्या राहून ओरडत होत्या. "आधी ते झाका!"

"अहो, पण फोटो..."

"झाका म्हणते ना!"

"कसं झाकू? मला काय..."

"जसं उघडलंत तसंच! ओली बाजू खाली! दाबू नका! अहो, दाबू नका, ते पातेलं नाही!"

भाऊजींनी शेवाळ उचलून चारी अंड्यांवर पसरलं, इतक्या हळुवारपणे, की वहिनींना उगाचच त्यांचाही कळवळा आला आणि त्याचाही राग आला. मग ते जसे गेले तसे पचक् पचक् करत बांधावर आले आणि बोलायला तोंड उघडलं.

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी गप्प बसले. म्हणजे खरोखरच दगडाशेजारी गवतात बसले, विजारीत शिरलेलं पाणी तसंच ठेवून.

"वहिनी, मी तुम्हाला विचारलं होतं," थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले.

"ती परत येईपर्यंत एक शब्द नाही."

जाऊबाई लांबूनच बघून निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी काहीही मागितलं नाही.

दोघं बसून राहिले. ऊन चढलं. कावळा परत आला, भिंतीवर फेऱ्या मारल्या, ढिगाकडे बघितलं. पण ढीग आता पुन्हा नुसता चिखल होता. तो कंटाळून गेला. टिबुकलीचा पत्ता नव्हता. वहिनींनी मनात देवाचं नाव सुरू केलं, पण नावालाही अंगठा आपोआप टिकटिक करू लागला, तेव्हा त्यांनी यंत्र पिशवीत टाकलं. मागावं तरी काय? ती येऊ दे, एवढं म्हणावं, तर त्यांच्या तोंडाशी दुसरंच येत होतं. दोनशे अडुसष्टला का नाही ओरडलीस? कावळा तर तेव्हाच दिसला होता.

एक तास झाला. मग आणखी पाऊण तास. भाऊजींच्या तोंडातून शब्द नाही. एकदा त्यांना शिंक आली, ती त्यांनी टोपीत दाबली. जन्मभरात हा माणूस एवढा वेळ गप्प राहिला असेल तर तो पाळण्यात, आणि तिथेही वहिनींना शंकाच होती.

पंपघराच्या सावलीत पाणी जरासं फुगलं. एक गोल डोकं वर आलं, चहूकडे फिरलं आणि पुन्हा खाली गेलं. मग घरट्याच्या अगदी कडेला वर आलं. टिबुकली ढिगावर चढली, चोचीनं शेवाळ डावीकडे-उजवीकडे भिरकावलं, क्षणभर थांबली. काय बघितलं तिनं? तिला मोजता येतं का? वहिनींना ते जाणून घ्यायचं नव्हतं. मग ती अंग सैल सोडून बसली.

"आली," भाऊजी कुजबुजले.

वहिनींनी त्यांना रागावलं नाही. त्यांनी वही उघडली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आकड्याच्या जागी अक्षरं लिहिली. ‘मोजणी अपुरी. बोलले. एक अंडं गेलं.’ थोडं थांबून त्याखाली, ‘सहा चांदव्यांसाठी थांबले होते.’ यातली शेवटची ओळ भाऊजींच्या नावावर टाकता आली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. पण ती नव्हती त्यांची.

दुपारी भाऊजी खाली आले. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा वहिनींपुढे धरला. "बघा. अंड्यांचा नाही निघाला. पण तुम्ही ओरडलात तेव्हा हा निघाला." पडदा तिरपा होता, पंपघर आडवं पडलं होतं आणि वरचं सगळं आभाळ पंखांनी भरलं होतं. "सगळेच्या सगळे उडालेत. वहिनी, यात मोजा! तुमचा दिवस भरून निघेल."

वहिनींनी चष्मा लावून पाहिलं. "हा चांदवा आहे की तुमचा अंगठा?"

"कुठे? हा... हा अंगठाच असावा."

"आणि हे?"

"हेसुद्धा."

"न्या तो वर," वहिनी म्हणाल्या. यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं, बायकोकडे बघितलं आणि परत वर केलं.

रविवारी सकाळी वहिनी दगडावर बसल्या. पंचाहत्तरवर असताना राखणदार आला. "बाई, समितीचं कपाट आता तुमच्याच घरी ठेवू म्हणतात. चालेल ना?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

राखणदार दोन पावलं मागे सरला. वहिनींनी आकडेयंत्र शून्यावर आणलं, दुर्बीण पुन्हा पाणकणसांकडे वळवली आणि एकपासून सुरुवात केली. एकशे तीसवर जाऊबाई आल्या. त्यांना पुढच्या महिन्यात वहिनींची पुढची खोली हवी होती, पूर्ण आठवडा.

"नाही. आणि पातेलं आज आणून द्या."

शून्य. पाणकणसं. एक. त्या दिवशी मोजणी सव्वानऊला संपली, ऊन डोळ्यांत येऊन पाणी गळत होतं, कंबर मोडली होती आणि वहिनी इतक्या वैतागल्या होत्या, की घरी जाताना फाटकाची किल्ली त्यांनी राखणदाराच्या हातात ठेवली आणि त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

भाऊजी तीन दिवस फिरकले नाहीत. बुधवारी आले ते जाकिटाशिवाय, साध्या सदऱ्यात, कॅमेरा खांद्याला टांगलेला, नळकांड्यावर झाकण. तीस पावलं मोजून बांधावर उभे राहिले. वहिनी दोनशे चाळीसवर होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोजणी एका दमात पंपघरापर्यंत येत होती. त्या मनातून धन्य धन्य झाल्या. अजून थोडंच.

सावलीतून टिबुकली बाहेर आली. एकटीच पोहत होती. पण पाठ नेहमीपेक्षा फुगीर. पंखांच्या खालून काहीतरी हललं. एक रेघारेघांचं डोकं वर आलं, मग त्याच्या पाठीमागून दुसरं.

बांधावर भाऊजींचा श्वास ऐकू येत होता. ते कॅमेऱ्याला हातही लावत नव्हते. बोलायचं नाही म्हणून त्यांनी ओठ गच्च मिटले होते, आणि त्यामुळे त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण माणूस तोच होता.

"वहिनी," शेवटी त्यांना राहवलं नाहीच. "किती?"

दोनशे सत्तेचाळीस. वहिनींनी डोळे मिटून घेतले. या माणसापुढे कुणी काय करावं? मग त्यांनी डोळे उघडले आणि दुर्बीण त्या फुगीर पाठीवर स्थिर केली.

"चार," त्या म्हणाल्या, आणि यंत्र शून्यावर आणून पाणकणसांकडे वळल्या.